मे महिन्यातला आरसा

यंदाच्या ईस्टरला माझ्याकडून एक घोळ झाला. तसे माझ्या हातून घोळ होतच असतात. मागे एका बाप्तिस्म्याच्या जेवणात मी बाळाच्या ऐवजी त्याच्या आजोबांचं नाव घेऊन दीर्घायुष्य मागितलं होतं, आणि म्हातारबुवा खूश होऊन सगळ्यांच्या आधी आमेन म्हणाले होते. पण हा घोळ वेगळा होता.

उपासना आटोपून आमची तुमसरची मूठभर मंडळी चर्चच्या अंगणात पोहे खात बसली होती. पुनरुत्थानाचा सण म्हटला की पोह्यांनंतर माझी गोष्ट ठरलेली — माझे सासरे मेले होते आणि परत उठले होते, ती गोष्ट. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "भाऊ, होऊन जाऊ द्या," आणि मी नको-नको म्हणत बशी खाली ठेवतो. नको-नको म्हणणं हाही गोष्टीचाच भाग. तर यंदा मी रंगात आलो, आवाज खाली आणला, आणि म्हणून गेलो, "थंडीचे दिवस. बाहेर धुकं पडलेलं..."

माझी मेहुणी सरला पोह्यांवर लिंबू पिळता पिळता थांबली. "भाऊजी, बाबा त मे महिन्यात उठले होते नं? धुकं कुठून आणलं तुम्ही?"

सगळे हसले. मीही हसलो, वयावर ढकललं, आणि गोष्ट उचलून परत उन्हाळ्यात नेऊन बसवली.

पण तोंडी थंडी का आली, ते मला ठाऊक होतं. कितीतरी वर्षांपासून ठाऊक होतं. हे मी त्या अंगणात कधी बोललो नव्हतो. कुठेच बोललो नव्हतो — चर्चच्या पाळकसाहेबांपाशी नाही, घरात नाही, आणि खरं म्हणाल तर प्रार्थनेतही नाही. डोळे मिटून माणूस देवाशी काय काय बोलायचं टाळतो, याची तुम्हाला कल्पना असेलच. नसेल तर तुम्ही माझ्यापेक्षा भले.

आता सांगतो. आधी गोष्ट ऐका — म्हणजे मी सांगत आलो तशी.

आणीबाणीच्या आधीचा एक उन्हाळा. मी तेव्हा आसगावच्या बाजूला मिशनच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब मे महिन्यात सुट्टीवर घरी जात आणि मागे दवाखाना माझ्या हवाली. स्टेथास्कोप तेवढा कुलपात ठेवून जात. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, पण इतका नव्हता. त्या एका महिन्यात मला लोक डॉक्टर म्हणायचे आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, म्हणजे ते परत म्हणायचे.

आसगावला आमच्या चर्चचे प्रचारक होते. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण सगळा भाग त्यांना मास्तर म्हणायचा. तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या दिवसांत भर उन्हात सायकल हाणत जंगलातल्या पानं मोजायच्या फडावर जायचे, पत्ता तोडून आणणाऱ्या बायामाणसांना प्रभूची गोष्ट सांगायचे, आणि त्यांच्याच शिदोरीतला कांदा खाऊन परत यायचे. त्या दिवशी परत आले ते बैलबंडीत आडवे. वाटेत मोहाच्या झाडाखाली पडलेले सापडले होते. मला बोलावणं आलं. मी नाडी धरली — लागली नाही. छाती हलताना दिसली नाही. मग भिंतीवरचा आरसा काढून मी त्यांच्या नाकासमोर धरला. डॉक्टरसाहेबांना एकदा तसं करताना मी पाहिलं होतं. आरशावर वाफ धरली नाही. मी आरसा खाली ठेवला आणि म्हणालो — "गेले."

मग रडारड. सुतारानं पेटीसाठी फळ्यांवर रंधा मारायला घेतला. भंडाऱ्याला पाळकसाहेबांना निरोप गेला. पुरुषमाणसं बहुतेक फडावर, म्हणून अंघोळ घालायला घरच्या बायाच पुढे झाल्या. मास्तरांची थोरली मुलगी करुणा — आता माझी बायको — बापाच्या डोक्यावर पाणी ओतत होती आणि मोठमोठ्यानं प्रार्थना करत होती: प्रभू, जीव तुझा, वेळ तुझी, पण आम्ही अजून तयार नाही. आणि मास्तरांनी डोळे उघडले.

माझ्या गोष्टीत ते डोळे उघडून "प्रभूचं नाव धन्य असो" म्हणतात. खरे शब्द असे होते — "अवं, डोळ्यात साबन गेलं नं."

ही दुरुस्ती मी पहिल्याच आठवड्यात केली. दुसरीही लवकरच करावी लागली. लोक मास्तरांना विचारायला यायचे, तिकडे कसं होतं? मास्तर म्हणायचे, "काही नाही गा, लय गरम होऊन राहिलं होतं." प्रचारक मेल्यावर गरम जागी गेला हे ऐकून मंडळी एकमेकांकडे बघायची. मी गरमच्या जागी प्रकाश घातला. मास्तर मधे कधी बोलले नाहीत. त्यांना काही आठवत नव्हतं. आणि आपण मेलो होतो की नव्हतो, हे मेलेल्या माणसानं कसं सांगायचं? ते जवळच्यानं सांगायचं. जवळचा म्हणजे मी.

पाळकसाहेब दफनाच्या तयारीनं मोटारसायकलवरून आले तेव्हा ऊन कललं होतं आणि मास्तर ओट्यावर बसून ताक पीत होते. पाळकसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि मला कडुलिंबाखाली घेऊन गेले. "तू स्वतः पाहिलंस? नक्की?"

इथे जरा थांबतो. कारण इथे माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि त्या मला अगदी स्वच्छ दिसल्या. मास्तर मेले नव्हते असं धरलं, तर जिवंत माणसासाठी पेटी करायला लावणारा मी एक गाढव कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब परतले की नोकरी गेली, आणि करुणाकडे चोरून बघण्यालाही काही अर्थ उरला नाही. मास्तर मेले होते असं धरलं, तर मी साक्षीदार होतो. गाढव की साक्षीदार — तुम्ही काय झाला असता?

"नाडी नव्हती, साहेब," मी म्हणालो. "श्वास नव्हता. मी आरसा धरला होता."

आरशाचा शब्द पडला आणि पाळकसाहेबांचे डोळे भरून आले.

आता, त्या दिवशी ते पुरतं खोटं होतं का? नाही. मला तेव्हा खरोखरच वाटत होतं की ते गेले होते. मीही त्या घरात गुडघ्यांवर बसून रडलो. ती पेटीची फळी पुढे चर्चमधला बाक झाली, आणि त्या बाकावर बसून मी आभार मानले. थोडे दिवस मी सुद्धा चमत्काराच्या घरातला माणूस होतो. फार छान दिवस होते ते.

मग महिना सरता सरता मास्तरांनी मला दुपारच्या जेवणाला बोलावलं. कशाला, ते न सांगता कळत होतं. मी दाढीला बसलो. आरशावर धूळ होती, म्हणून जवळ घेऊन तोंडची वाफ सोडली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला गेलो. वाफ धरेना. परत 'हाऽ' केलं. काच कोरडी ठक्क. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा, डोक्यात लग्न — मी चांगला जिवंत होतो, अशी निदान माझी समजूत होती — आणि आरसा सांगत होता की हा माणूस मेलेला आहे.

काचेला बोट लावलं. तवा. आमच्याकडच्या मे महिन्यात सावलीतला पितळी पेलासुद्धा ओठाला चटका देतो. तापल्या काचेवर वाफ बसायची कशी? डॉक्टरसाहेबांनी आरसा धरला होता तो पूस महिन्यातल्या थंडीत.

मास्तरांना ऊन लागलं होतं, बस. बेशुद्ध पडले होते. नाडी बारीक झाली असेल, आणि माझी बोटं घाबरून माझीच धडधड ऐकत असतील. मग बायांनी रांजणातलं गार पाणी तांब्या-तांब्यानं डोक्यावर ओतलं आणि अंगातलं ऊन उतरलं. ऊन लागलेल्या माणसाला वाचवायला जे करायचं असतं, नेमकं तेच त्यांनी मेला म्हणून केलं.

आणि मी काय केलं? मी दुसऱ्या गालाची दाढी केली आणि जेवायला गेलो. वरण-भात, लाखोळीच्या डाळीचे वडे. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "यानं मले मेलेलं पाह्यलं, जिताही पाह्यलं. आता हा बाहेरचा कसा म्हणू?" लग्न ठरलं.

तुम्ही म्हणाल, हेच होय? एवढ्यासाठी एवढं? बिचाऱ्या कंपाउंडरची चूक, तीही पोरवयातली — हसून सोडून द्यावी अशी. मीही स्वतःला हेच सांगत आलो. वर आणखी शहाणपण जोडायचो: देवानं हात न लावता रांजण लावला, तर काय बिघडलं? वाचवणारा तोच ना? गोष्ट ऐकून कुणाची श्रद्धा वाढली, कुणी दारू सोडली. कुणाचं नुकसान झालं?

कुणाचं नुकसान झालं. — इथवर आलो की मी आजवर नेहमी विषय बदलत आलो. आज बदलत नाही.

लग्नानंतर मी बाजारांच्या गावी औषधांची पेटी घेऊन जायला लागलो. दिघोरीच्या बाजारातही बसायचो, आणि गिऱ्हाईक जमवायला गोष्टीसारखं दुसरं काही नाही. खोकल्याच्या औषधासोबत मास्तरांचं उठणं. माणसं ऐकायची, बाया पदर तोंडाला लावून ऐकायच्या. आरसा धरला असं म्हटलं की सगळा घोळका चूप. त्या चूप होण्याची चटक लागते हो.

दिल्लीत जनता सरकार होतं ते दिवस. धानाची कापणी चालली होती. आसगावला चर्चच्या दारात एक बंडी येऊन थांबली. पुढे नवरा, मागे बायको, आणि तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली मुलगी. शाळेत नुकती जायला लागलेली, एवढीशी. मैना नाव. तापानं आदल्या दिवशी गेली होती. दिघोरीची कास्तकार माणसं. चर्चची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. बाईचं नाव यशोदा. तिनं मला पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच ते भाऊ. बाजारात सांगत होते."

नवरा बंडीवरून उतरला नाही. त्याला पोरीला गावच्या तळ्याच्या काठी माती द्यायची होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण बायकोला नाही म्हणवलं नव्हतं.

मास्तर बाहेर आले. त्यांनी गोधडी बाजूला केली, मुलीचा हात हातात घेतला आणि तिथेच मातीत गुडघे टेकले. प्रार्थना फार लांब नव्हती. रडत होते. मग उठून म्हणाले, "बाई, लेकरू त्याच्यापाशी आहे. शेवटल्या दिवशी तो उठवन, हे मी सांगतो. आज उठवाचं माह्या हातात नाही. माह्या हातात काहीच नाही."

"तुम्हाले उठवलं नं?" यशोदाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होती. "मंग माह्या पोरीले काहून नाही?"

मास्तरांना उत्तर कसं येणार? आपण उठवले गेलो हे त्यांनाही माझ्याच तोंडून कळलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानंही पाहिलं. आणि मला उत्तर ठाऊक होतं. कारण मास्तर मेलेच नव्हते, बाई. — एवढं एक वाक्य. दाढीच्या त्या दुपारपासून ते माझ्या जिभेवर तयार होतं.

मी काय म्हणालो ते आता लिहितो. हात थांबतो आहे, पण लिहितो. मी म्हणालो, "विश्वास कमी पडला असेल, बाई. मनात कुठंतरी शंका आली असेल."

मेलेल्या पोरीच्या आईला.

तिनं जरा विचार केला. आणि मान हलवली. "आली जी," म्हणाली. "रस्त्यात आली. तिच्या तोंडावर माशी बसली, तिनं हलवली नाही. तवा आली."

मग तिनं गोधडी नीट केली. नवऱ्यानं बैल वळवले. माझ्या खोटेपणाची मान वाचावी म्हणून मी सगळा भार त्या बाईच्या मनावर टाकला, आणि ती तो घेऊन दिघोरीला परत गेली.

बंडी दिसेनाशी झाल्यावर मास्तर मला म्हणाले, "हे तुले कोणी शिकवलं? मी त नाही शिकवलं." त्यानंतर त्यांनी आपल्यादेखत ती गोष्ट कधी सांगू दिली नाही. मी त्यांच्यामागे सांगत राहिलो. ते असताना जरा कमी, ते गेल्यावर जास्त. ते गेले एका हिवाळ्यात, झोपेत, अगदी सरळ. कुणीतरी म्हणालं, जावईबापू, बघा जरा. मी अंगणातून हललो नाही. तालुक्याचा डॉक्टर येईपर्यंत पेटीचा शब्दही कुणाला काढू दिला नाही. लोकांना वाटलं, जावयाचा फार जीव होता सासऱ्यावर. होताच.

पुढे आम्ही तुमसरला आलो. राइस मिलच्या रस्त्यावर एका औषधाच्या दुकानात मी काम धरलं. आणि यंदा, ईस्टरच्या त्या घोळानंतर, भादव्यात तापाची साथ होती तेव्हा एक बाई सुनेला घेऊन दुकानात आली. नातीला ताप होता. मुलगा राइस मिलमध्ये कामाला, मुलासोबत ती इकडे राहायला आलेली. मी बाटली काढून तिच्यापुढे ठेवली आणि कसं पाजायचं ते सांगायला लागलो.

"माह्या सुनेले सांगा जी," ती म्हणाली. "मी पाजत नाही."

"काहून? हात थरथरते का?"

"हात नाही थरथरत. माह्या मनात शंका येते." इतकं साधं, जणू पाठ दुखते म्हणावं. "घरात लेकरू आजारी पडलं का मले बाहेर जाऊन बसावं लागते. लेकरं मोठी केली तीही तशीच. देवापुढं दिवाही नाही लावत मी त्याहीच्यासाठी." मग माझ्याकडे नीट पाहून हसली. हसली! "तुम्ही आसगावचे भाऊ नं? वळखलं मी. तुम्हीच त सांगतलं होतं. म्हून समजलं तरी. नाही त या लेकरायलेही माही शंका लागली असती."

तिनं माझे आभार मानले. ऐकलंत ना? आभार.

आणि मी? दिवसातून तीनदा, जेवणानंतर, बाटली हलवून — हे मी सुनेला समजावून सांगितलं. आवाज अगदी स्वच्छ. त्या वेळी तोंडातून तेवढंच आलं. राहता कुठे, हे मात्र औषधाच्या निमित्तानं विचारून घेतलं.

दुपारी घरी आलो. करुणा अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. सुरुवात आरशापासून केली, मग मैनावर आलो, मग परत आरशावर गेलो — गोष्टी सांगणारा म्हणून नाव असलेला माणूस, पण ही एक गोष्ट काही मला धड सांगता येईना. माझी खरी भीती ही बाई होती. बापाच्या डोक्यावर पाणी ओतताना केलेली तिची प्रार्थना ऐकली गेली, यावर तिनं अर्धं आयुष्य काढलेलं. ते मी काढून घेत होतो.

सूप थांबलं होतं. तिनं हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही पाणी ओतलं नसतं, त जिते बाबा पेटीत घातले असते तुम्ही."

"हो."

"आन मले लग्नाच्या आधीपासून फसवून राहिले."

"हो."

"यशोदाबाईले सांगतलं हे?"

"नाही. आधी तुला—"

"मले कायले पहिले?" सूप तिनं बाजूला ठेवलं. "माही काय पोरगी मेली? उठा."

ती चप्पल घालून माझ्या आधी रस्त्यावर होती.

मिलच्या मागच्या चाळीत यशोदाबाई घराबाहेर ओट्यावर बसलेली होती. आत नात तापात, म्हणून ही बाहेर. मला वाटलं होतं, प्रस्तावना करावी लागेल. पण तिला तशी ओट्यावर बसलेली पाहिलं आणि प्रस्तावना गेली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. मास्तर मेलेच नव्हते. ऊन लागलं होतं. आरसा तापलेला होता. गार पाण्यानं शुद्धीवर आले. कुणी मेलं नव्हतं, म्हणून कुणी उठलंही नव्हतं.

तिनं मला परत सांगायला लावलं. मग विचारलं, "आन मी मैनाले आणलं, तवा तुम्हाले हे ठाऊक होतं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. वाटेत मी त्याला दहा उत्तरं शोधली होती — वय, नोकरी, लग्न, भीती. "ठाऊक होतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. शिवी देईल असं वाटलं, आणि देऊ दे असंही वाटलं. पण ती बोलली ते माझ्याशी नव्हतंच.

"बंडीत मी तिच्या पायाले हात लावला होता," ती म्हणाली. "गार होते. गोधडीत असूनही गार. आईले समजत नाही काय?" आणि मग, "म्हणजे ते शंका नव्हती. ते खरंच होतं."

"खरंच होतं, बाई. तुम्ही तेवढंच पाहिलं. ती तुमच्या मनानं गेली नाही, आणि तुमच्या मनानं परत आलीही नसती. कुणाच्याच मनानं नसती."

तिनं डोळ्यांना पदर लावला. रडली, पण फार नाही. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली, उंबरा ओलांडून आत गेली आणि सुनेला म्हणाली, "आण व इकडं ते बाटली. अशी धरतेत काय चिमचा? हलव पहिले." आतून पोरीचं तोंड वाकडं करून थू-थू करणं ऐकू आलं, आणि आजीचं रागावणं — "गिळ! गिळ मुकाट्यानं! माह्या हातचं थुकतेस?" आणि मग एकाएकी तिचं हसणं.

ती परत बाहेर आली नाही. मला बसा म्हणाली नाही, चहा विचारला नाही, माफ केलं असं म्हणाली नाही. ते तिनं म्हणावं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिची इतकी वर्षं मी परत आणून देऊ शकत नाही. तिनं मला द्यावं असं तिच्याकडे माझं काही नाही.

परतीच्या वाटेवर मला भूक लागली. सांगायला लाज वाटते, पण सडकून भूक लागली. अंग हलकं झालं होतं, मिलचा कोंड्याचा वाससुद्धा बरा वाटत होता. असं हलकं वाटायचा मला हक्क आहे का, ते मला ठाऊक नाही. वाटत होतं एवढं खरं.

रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे आम्ही थांबलो. करुणा माझ्यापासून चार पावलं दूर उभी होती. मी हळूच विचारलं, तुझ्या विश्वासाचं काय आता — म्हणजे बाबांचं उठणं गेलं, त्याचं काय?

"ते कुठी गेलं?" ती फाटकापलीकडे बघत म्हणाली. "बाबा उठतीन नं शेवटल्या दिवशी, खरेखुरे. पण तवा तुम्ही साक्ष द्याले पुढं होऊ नका. ज्यानं उठवलं, त्याचं तो सांगन."